मदत हवी आहे: सोलापुरातल्या जुन्या घराचं तळघर कमी खर्चात वापरण्याजोगं करायचंय (ओल आहे)

नमस्कार मंडळी,

घर सोलापूरच्या पूर्व भागात, आजोबांच्या काळातलं. खाली 18 बाय 14 फुटांची खोली आहे. आम्ही तिला तळघर म्हणतो, पण चारेक फूटच जमिनीखाली आहे, बाकी वर, आणि रस्त्याच्या अंगाला दोन बुटके झरोके. आजोबांचे दोन खड्डामाग तिथे होते. कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं, म्हणून माग मुद्दाम खाली घातले होते, असं वडील सांगतात. माग केव्हाच गेले, ओल राहिली. ती घालवायला आता पैसे मोजायचेत.

खोली हवीय बायकोच्या शिलाईकामासाठी. ती शाळेचे गणवेश शिवते, दोन मशीन आहेत. एप्रिल-मे म्हणजे ऐन सीझन, आणि तेव्हाच वर स्लॅबखाली दुपारी बसवत नाही. पारा 42-43 च्या पुढे गेला की पंखाही गरम हवाच फेकतो. खाली मात्र माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं. वडिलांनाही दुपारी तासभर आडवं व्हायला जागा होईल. रात्री कुणी झोपणार नाही.

भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या, दोन फूट रुंद. त्यावर नंतर कधीतरी सिमेंटचं प्लास्टर झालंय. वर लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशी. उंची साडेसात फूट, गर्डरखाली जेमतेम सात. खालीही जुनी शहाबादीच, मागांचे खड्डे मुरूम घालून बुजवलेले.

दुखणं पूर्वेच्या भिंतीचं आहे. तीन फुटांपर्यंत लोणा लागलाय, हात फिरवला की पांढरी भुकटी येते. मागच्या वर्षी एका कंत्राटदाराने पुट्टी मारून वरून पीव्हीसी पॅनेल ठोकून दिले. "दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा खाली कुबट वास सुटला. पॅनेल उचकटलं तर मागे काळी बुरशी, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टिंगच्या दोन गठ्ठ्यांवर ठिपके. पॅनेलचे 38,000 गेले, कापडाचे पैसे व्यापाऱ्याला भरून दिले ते वेगळेच. (पॅनेल आता शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहेत. तिथे मस्त टिकलेत.)

आता भिशी लागलीय. हातात 1,10,000 आहेत, त्यावर एक रुपया नाही. एक जण म्हणतो चारही भिंतींना आतून केमिकल वॉटरप्रूफिंग करा, 85,000. दुसरा म्हणतो आधी खाली कोबा करून त्यावर टाइल बसवा, म्हणजे जमीन सहा इंच वर येणार. माझा भाऊ सहा फुटी आहे, गर्डर त्याच्या टाळूच्या जेमतेम अर्धा फूट वर राहायचा. यातलं खरंच काय करावं? आणि आधी काय?

प्रतिसाद

दादा, दोन्ही कोटेशन सध्या बाजूला ठेवा. ओल एकाच भिंतीला आहे ना? मग त्या भिंतीपलीकडे काय आहे? गटार, न्हाणी, हौद?

एक बिनखर्ची तपासणी करा. भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस सोडा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा गार होऊन तिथे जमतेय. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात पंखा लावून काही होत नाही, दुसऱ्यात वॉटरप्रूफिंगचे पैसे पाण्यात.

धागाकर्ता

पलीकडे हौद आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे आमच्या गल्लीत घरटी एक हौद आहेच. आमचा 6 बाय 5 फुटांचा, विटांचा. खोटं कशाला बोलू, त्याचा विचारच केला नव्हता. बायको मात्र म्हणते, पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी भिंत जास्त गडद दिसते. हे ती मागच्या वर्षीही म्हणाली होती. मी तेव्हा पॅनेलचा रंग निवडत होतो.

प्रतिसाद

वहिनींचं ऐका. हौद भरला की पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, मोटार बंद, वापर बंद, झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

बाकी दोन गोष्टी. गॅस सिलिंडर खाली नेऊ नका, अगदी चहापुरताही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचून राहतो. आणि ओलसर खोलीत शिलाई मशीन, इस्त्री चालवणार असाल तर अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. टाइलचे पैसे वाचवून ती घ्या. छताचा पंखा नको, सात फुटांखाली पाती येतील. भिंतीवरचा पंखा घ्या.

प्रतिसाद

वर कुणी सुचवायच्या आत सांगतो, दगड-चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंट किंवा केमिकलचा थर देऊ नका. पाणी मागून येतच राहतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ते वर चढतं आणि आज तीन फुटांवरची ओल उद्या पाच फुटांवर दिसते. जुनं सिमेंट प्लास्टर झाडून काढा, दगड उघडे करा, वाळू द्या. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. निकाल सांगतो.

प्लास्टिकच्या मागे थेंब आले, भिंतीच्या बाजूला. पुढची बाजू कोरडी ठणठणीत. हौदाची रेघ 24 तासांत दीड इंच खाली. हिशोब केला तर दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी होतं. म्हणजे चार दिवस पाण्याची वाट बघायची आणि तेच पाणी भिंतीला पाजायचं. वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री येऊन गेले. हौदात डोकावले आणि म्हणाले, "पाणी कुठनं येतंय ते आदी बगा की ओ, रंग काय पळून जातोय व्हय!" वर हेही म्हणाले की जे पाणी बाहेर जातं, ते हौद रिकामा असताना बाहेरनं आतही येतं. शेजारून गटार गेलंय. त्या दिवसापासून प्यायचं पाणी थेट नळावरनंच भरतोय.

ठरलं ते असं. हौद बंद. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हजार-हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या, ओटा आणि पाइपसकट 24,000. पूर्वेच्या भिंतीचं सिमेंट प्लास्टर चार फुटांपर्यंत काढायला मजुरी आणि राडारोडा उचलण्यासह 9,000. वायरिंग, आरसीसीबी, दोन भिंतीवरचे पंखे मिळून 21,000. खालची फरशी तीच ठेवतोय, फक्त हललेल्या लाद्या नव्याने बसवायच्या आणि सांधे भरायचे. शहाबाद जवळ असल्याने फुटलेल्या लाद्यांच्या जागी नव्या स्वस्तात मिळाल्या, तेवढं एक सुख. उरलेले पैसे हातात ठेवतोय. दोन फुटी भिंत वाळायला महिने लागणार, सगळा उन्हाळा ती उघडीच राहील. चुन्याचं प्लास्टर पुढच्या वर्षी, एक सप्टेंबर बघून. या सीझनला मशीन पश्चिमेच्या भिंतीकडे, आणि कापड लोखंडी रॅकवर, भिंतीपासून फूटभर लांब.

झरोक्यांचंही कळलं. आम्ही पावसाळ्यात "हवा खेळू दे" म्हणून ते उघडे ठेवायचो. बाहेरची दमट हवा आत येऊन गार दगडावर पाणीच सोडणार. आता उन्हाळ्यात रात्री उघडायचे, दिवसा बंद. पावसाळ्यात बाहेर कोरडं असेल तेव्हाच.

एक प्रश्न राहिलाय. प्लास्टर काढताना दिसलं की पूर्वेच्या भिंतीत घुसलेल्या दोन गर्डरांची टोकं गंजून पापुद्रे सुटलेत. बाहेर दिसणारा भाग घासून रेड ऑक्साइड मारता येईल, पण भिंतीच्या आतलं किती खाल्लंय ते कळत नाही. मिस्त्री म्हणतात भिंतीलगत दोन लोखंडी खांब उभे करून गर्डरला टेकू द्या. वर आमचं स्वयंपाकघर आहे. सोलापुरात जुन्या गर्डरचं काम बघणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणी स्वतः बोलावला असेल, तर नुसतं बघून जायचे किती घेतात तेवढं सांगा. तोवर वरच्या धान्याच्या कोठ्या त्या बाजूच्या हलवल्या आहेत.