५०८ वरून ४७ हजार मेगावॉट. बरं, मग युनिट किती?

टरबाइनवाला: कालची पोस्ट: '१९४७ ला देशात जलविद्युत ५०८ मेगावॉट, २०२४ ला ४७ हजार, नव्वद पट!' अहो, मेगावॉट म्हणजे भांडं. दूध किती ते युनिटवर कळतं. २०२२-२३ ला १६२ अब्ज युनिट, २०२३-२४ ला १३४. भांडं तेवढंच, पाऊस रुसला. सरासरीनं शंभरातले तेहतीसच मेगावॉट चालले. साठच्या दशकात एकूण क्षमतेत निम्मा वाटा होता, आता जेमतेम दहावा. यावर पेढे?

राजवाडा_कट्टा: पोस्ट माझीच. तुम्ही थर्मलचा, म्हणजे कोळशाच्या विजेचा चष्मा लावून बसलात. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता देशानं दिवे मालवले, मागणी एकदम पडली, तेव्हा जलविद्युतनं अर्ध्या तासाच्या आत सुमारे १७ हजार मेगावॉट उतरवले आणि लगेच परत चढवले. बॉयलरला सांगून बघा हे!

टरबाइनवाला: मान्य, तळ्यात पाणी असेल तर. नर्मदेवरच्या सरदार सरोवरचे नदीपात्रातले २०० मेगावॉटचे ६ संच पातळी ११०.६४ मीटरखाली गेली की गप्प. तेच उलटे फिरवून रात्री पाणी वर चढवायचं होतं, पण खाली ते पाणी अडवणारा गरुडेश्वरचा बंधाराच कित्येक वर्षं नव्हता. उपसणार काय, वाळू?

गाळसाहेब: हिमालयाचं कुणी बोलतच नाही. हिमाचलच्या नाथपा झाकरी प्रकल्पात गाळ ५००० पीपीएमवर (दहा लाख भागांत पाच हजार) गेला की संच बंद. गाळातला क्वार्ट्‌झ गाइड व्हेन, म्हणजे टरबाइनचं पाणी सोडणारी-अडवणारी पाती खातो, फट वाढते, व्हेन मिटल्या तरी पाणी गळतं आणि रनर (टरबाइनचं चाक) रांगत राहतो. टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर दिला तरी झीज लांबते, टळत नाही.

नळ_आला_का: ते राहू द्या. इंदूरला एक दिवसाआड नळ, आणि तुम्ही हिमाचलला! नर्मदाकाठच्या जलूदच्या पंपांनी नर्मदा पाचशे मीटर चढवायची. हजार लिटरला १.३६ युनिट, पंप-मोटर ७५ टक्के धरा, १.८. नर्मदेवरच्याच ओंकारेश्वर धरणाला हेड, म्हणजे पाणी पडायची उंची, ३० मीटर; हजार लिटरमागे वीज ०.०७५ युनिट. म्हणजे तिथे चोवीस हजार लिटर फिरवा, तेव्हा इथे एक हजार चढतं!

राजवाडा_कट्टा: भिया, मग नर्मदा आणूच नये का? तहान लागली की मेगावॉट प्यायचे?

नळ_आला_का: तसं कोण म्हणालं? बिल बघा म्हणतोय. २०२३ ला पालिकेनं ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामाचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठीच. उगाच?

टरबाइनवाला: गणितात गोची आहे. तेच पाणी आधी वरच्या इंदिरा सागर धरणाच्या साठेक मीटरवरून उतरतं. दोन्ही मिळून नव्वद मीटर, ०.२२ युनिट. चोवीस नाही, आठ.

नळ_आला_का: घ्या, आठ. तुमच्या समाधानासाठी. आता जलूदच्या शेजारचं महेश्वर प्रकल्प, ठरलेले ४० मेगावॉटचे १० संच, धरण उभं आणि वीज शून्य. ते ४०० मेगावॉट कुठे लिहायचे, भांड्यात की दुधात?

राजवाडा_कट्टा: माझ्या ४७ हजारांत ते नाहीत. तेवढं तरी बरोबर लिहिलंय मी.