शब्दचर्चा : ‘बिल्ड ऑर्डर’ला बांधणीक्रम म्हणावं का?

पटावरचा : सिव्हिलायझेशन 6 (2016) या शहरं उभारून राज्य वाढवायच्या संगणकी खेळाच्या सुरुवातीच्या पाळ्यांवर मराठीत लिहायला घेतलंय आणि दोन शब्दांवर गाडी अडलीय. नवं शहर उभं करणे, म्हणजे ‘सेटल करणे’, याला ‘वसाहत करणे’ लिहिलं की इंग्रज आठवतात. ‘बिल्ड ऑर्डर’ला, म्हणजे शहरात आधी काय आणि नंतर काय बनवायचं त्याला, ‘बांधणीक्रम’ केलं, तर स्काउट, म्हणजे टेहळ्या, ‘बांधला’ म्हणावं लागतं. खुंटीला?

माळरान : अहो, क्रियापद हाताशीच आहे, वसवणे. गाव वसवतात, पेठ वसवतात. जागेलाही नेमका शब्द आहे : पांढरी. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. खेळातही हिशेब तोच. शहर पटावरच्या ज्या घरावर वसतं ते किमान 2 अन्न आणि 1 उत्पादन देतंच, मग कसदार घर कशाला अडवायचं? माळावरची टेकडी गाठा, तिथे उत्पादन 2 मिळतं. शेजारी नदी हवीच. गोड्या पाण्याजवळ सुरुवातीला 5 जणांची राहायची सोय होते, समुद्रकाठी 3, कोरड्या जागी 2.

खाडीपलीकडे : पांढरी छान आहे, पण देशावरची, आमच्या कोकणात मी वाडीच ऐकली. आणि ‘घर’ बुद्धिबळातलं ना? मग हाउसिंगला, म्हणजे त्या राहायच्या सोयीला, काय म्हणणार? ‘पाच घरं मिळाली’ यातून काय समजायचं? चौकट म्हणावं तर कोन सहा. मी ‘खण’ म्हणतो. दोन शहरांमध्ये किमान तीन खण सोडावे लागतात.

पटावरचा : खण घेतला! आणि बिल्ड ऑर्डर?

माळरान : घडणक्रम. शिपाई घडवता येतो, कोठारही घडवता येतं.

खाडीपलीकडे : चालेल. फक्त क्रम आणि रांग यांत गल्लत नको. पडद्यावर दिसते ती रांग, आधी डोक्यात असतो तो क्रम. काल माझा क्रम होता टेहळ्या (30), गोफणवाला (35), मग नवं शहर वसवणारा सेटलर (80); कंसात लागणारं उत्पादन. शहराचं उत्पादन पाळीला 5 धरलं तर 6, 7 आणि 16 पाळ्या. नवव्या पाळीला रानटी टोळीचा टेहळ्या शहर बघून परत पळाला. झालं, आता टोळी चालून येणार, म्हणून सेटलरच्या पुढे आणखी एक गोफणवाला घुसवावा लागला. क्रम तोच, रांग बदलली. तसाही सेटलर एक माणूस घेऊन निघतो, त्यामुळे शहराची वस्ती दोनावर जाईपर्यंत तो तयार होतच नाही. मधल्या पाळ्या गोफणवाल्याने भरल्या.

पटावरचा : गोफणवाला झकास! मग सेटलरच एकटा इंग्रजी का?

माळरान : गोफण आपल्या शेतात राखणीला होती, म्हणून तो शब्द आपसूक आला. सेटलरला ‘वसाहतकार’ म्हटलंत तर वाचणारा पुन्हा सेटलरच शोधत बसेल. राहू द्या तसाच.