अल्पभूधारक कोण : उताऱ्यावरचा खातेदार की बांधावरचा कसणारा?

धागाकर्ता (बेळगाव तालुका)

आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एकच सर्व्हे नंबर आहे. आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबारासारख्या उताऱ्यावर, एकूण क्षेत्र ६ एकर १० गुंठे असून त्यातले १० गुंठे ओढ्याचे, म्हणजे 'ब' खराब (सार्वजनिक वापराचे) आहेत. वडिलांच्या पश्चात मालकाच्या नवव्या रकान्यात आम्हा पाच भावांची नावे वारसाने लागली, पण नावांपुढचा 'जंटी' (संयुक्त) हा शेरा तसाच राहिला. प्रत्यक्षात आम्ही कधीच बांध घालून वेगळे झालो आहोत आणि प्रत्येकाच्या हातात १ एकर ८ गुंठे विहिरीखालची जमीन आहे. 'सण्ण हिडुवळिदार', म्हणजे अल्पभूधारक, या दाखल्यासाठी अर्ज केला, तेव्हा खाते २ हेक्टरच्या, म्हणजे सुमारे ४ एकर ३८ गुंठ्यांच्या वर असल्याचे सांगून तो परत करण्यात आला.

कन्नडमधला 'हिडुवळी' हा शब्द 'हिडि', म्हणजे हाताने धरणे, या धातूवरून आला आहे आणि मराठीतल्या 'भूधारक' शब्दातही धारण करणेच आहे. मी जे धरून आहे ते ४८ गुंठे आहे. १९७०-७१ पासून होत आलेली कृषी गणनासुद्धा धारणेचा आकार ठरवताना मालकी आणि कायदेशीर स्वरूप बाजूला ठेवते, आणि एक शेती म्हणून जेवढी जमीन प्रत्यक्ष कसली जाते तेवढी मोजते. सरकार माणसे मोजताना बांधावर येते आणि दाखला देताना कागदावर बसते, हे मला मान्य नाही. अल्पभूधारक ठरवताना प्रत्यक्ष वहिवाट हाच निकष असला पाहिजे, असे माझे मत आहे.

निवृत्त महसूल कर्मचारी (खानापूर)

आपली अडचण खरी आहे, परंतु आपण सुचवलेला उपाय मला घातक वाटतो. माझी उमेदीची वर्षे उतारे लिहिण्यात गेली आणि 'प्रत्यक्ष कसणारा' या दोन शब्दांनी काय उलथापालथ होते, हे मी जवळून पाहिले आहे. १ मार्च १९७४ रोजी कुळांकडे असलेल्या जमिनी कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याने सरकारजमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून न्यायमंडळापुढे कब्जेदारीचा हक्क मागितला. त्या वेळी कसणाऱ्याच्या बाराव्या रकान्यातल्या एका नावावरून सख्खे शेजारी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढले. ज्यांना खरोखर न्याय मिळाला अशी कुळे पुष्कळ होती, हे मी नाकारत नाही. मात्र तेव्हापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली आहे ती अजून गेलेली नाही. वहिवाटीवरून दाखले मिळू लागले, तर उद्या तोच दाखला हक्काचा पुरावा म्हणून पुढे येईल आणि मालक आपले रान दुसऱ्याच्या हाती देण्याऐवजी पड ठेवणे पसंत करील.

दुसरे असे की, बांध घालणे म्हणजे वाटणी नव्हे. वाटणीपत्र नोंदवा, अकरा-ई नकाशा (हिश्श्यांचा मोजणी नकाशा) करून घ्या, पोटहिस्से पाडा, म्हणजे पाच स्वतंत्र उतारे होतील आणि कोणत्याही कचेरीत वाद घालावा लागणार नाही. तुकडेबंदीची सबबही आता चालणार नाही. मुंबई राज्यात असताना आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा होता आणि त्यानंतर कर्नाटकाचा १९६६ चा आला, परंतु तो १९९१ मध्ये रद्द झाला. आपण इतकी वर्षे थांबलात कशासाठी?

वकील (निपाणी)

मला वाटते की दोघेही एका चुकीच्या गृहीतकावरून बोलत आहेत. 'अल्पभूधारक' या शब्दाला सर्व कायद्यांत मिळून एक अर्थ आहे असे आपण धरून चाललो आहोत. तसा तो नाही आणि असू नये. व्याख्या ही त्या त्या कायद्याच्या हेतूपुरती असते.

कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याच्या व्याख्येत जमीन एकरांत नव्हे, 'युनिट'मध्ये मोजली जाते आणि जमिनीबरोबर उत्पन्नाचीही अट आहे. सरकारी पाटबंधाऱ्याखालची उत्तम जमीन एक एकर म्हणजे एक युनिट, तर निव्वळ पावसावरची 'ड' वर्गाची जमीन ५ एकर १६ गुंठे झाल्यावर एक युनिट भरते. १० युनिटांची कमाल मर्यादा कोरडवाहूत ५४ एकर होते, ती याच हिशेबाने. पीएम-किसान योजनेत सुरुवातीला २ हेक्टरची अट होती, ती २०१९ मध्येच उठली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आणखी वेगळे आहे. तिथे कोरडवाहू १ हेक्टरपर्यंत किंवा बागायत अर्ध्या हेक्टरपर्यंतचा कसणारा सीमांत शेतकरी ठरतो, आणि त्याहून जास्त पण कोरडवाहू २ हेक्टर किंवा बागायत १ हेक्टरपर्यंतचा लहान शेतकरी.

आता धागाकर्त्यांचे आकडे याला लावून पाहू. ओढ्यासकट भागिले तर प्रत्येकी ५० गुंठे, म्हणजे ०.५०६ हेक्टर येते आणि बागायत धरता माणूस सीमांत शेतकऱ्याच्या रेषेबाहेर जातो. ओढा वजा केला तर ४८ गुंठे, ०.४८६ हेक्टर, आणि तो रेषेच्या आत येतो. ज्या 'ब' खराबाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या दहा गुंठ्यांवर एवढे अवलंबून आहे. 'अ' खराब खातेदाराचाच असतो, फक्त पिकाखाली येण्याजोगा नसतो. 'ब' मात्र वाट, ओढा, तळे, स्मशान अशा सार्वजनिक वापराचा असतो. तो धारणेत धरून दाखला नाकारणे चूक ठरेल. तसेच पाच सज्ञान भाऊ म्हणजे एक कुटुंब नव्हे. जमीन सुधारणा कायद्यातले कुटुंब पती, पत्नी, अज्ञान मुलगे आणि अविवाहित मुली एवढेच आहे. त्यामुळे 'जंटी' खात्याचे सगळे क्षेत्र एकाच्या नावावर मोजणे मला कायद्याला धरून वाटत नाही, आणि त्यासाठी वहिवाटीचा निकष आणण्याचीही गरज नाही. खात्यातला हिस्सा मोजला की पुरे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. जमीन विकत घेण्यासाठी मुळात शेतकरी असण्याचा प्रश्न कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याची ७९-अ आणि ७९-ब ही कलमे २०२० मध्ये गेल्यापासून फारसा उरला नाही, पण सीमेपलीकडे कागल किंवा चंदगड तालुक्यात शेतजमीन घ्यायची झाल्यास तो अजून पहिल्याच पायरीवर उभा राहतो.

शेतकरी महिला (कडोली)

वकीलसाहेबांनी ओढा वजा केला, परंतु बहिणी वजा झाल्या त्याबद्दल कोणीच काही म्हटले नाही. धागाकर्त्यांना बहिणी आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही. असल्यास आणि त्यांनी हक्कसोड केली नसल्यास पाचाने भागणे हेच मुळात चूक आहे. कर्नाटकात ३० जुलै १९९४ पासून, त्या दिवसापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा मिळाला आणि २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची ती अटही उरली नाही. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दोन बहिणी धरल्या तर २४० गुंठ्यांचे सात भाग होतात आणि वाट्याला सव्वाचौतीस गुंठे येतात.

माझा दुसरा मुद्दा खानापूरच्या काकांसाठी आहे. आम्ही नवरा-बायको दुसऱ्याचे दीड एकर अर्ध्या वाट्याने करतो. बियाणे निम्मे, खत निम्मे, मजुरी आमची. या राज्यात जमीन कुळाने द्यायला बंदी असल्यामुळे आम्ही कूळ नाही. 'स्वतः कसणे' याच्या व्याख्येत मजुराला रोख किंवा धान्य दिलेले चालते, पण पिकाचा वाटा दिलेला चालत नाही, त्यामुळे आम्ही मजूरही नाही. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत वाटेकरी आणि तोंडी कराराने कसणारे हे लहान व सीमांत शेतकऱ्यांत धरले आहेत, असे सांगतात. मी तसे बँकेत बोलले, तेव्हा समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि उतारा मागितला. मालकाची धास्ती मला समजते, पण त्या धास्तीपायी सगळ्याच व्याख्यांतून मी बाहेर राहावे, हे मला पटत नाही.

निवृत्त महसूल कर्मचारी (खानापूर)

ताई, आपल्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. वारसा लावताना मुलींची नावे गाळलेले अर्ज माझ्याही टेबलावरून गेले आहेत. दुसऱ्या मुद्द्यावर मी माझे मत थोडे बदलतो. कुळाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही असे कायद्यानेच लिहून दिले, आणि केवळ कर्ज व पीक नुकसानीपुरती कसणाऱ्याची वेगळी नोंद ठेवली, तर माझा विरोध राहणार नाही. आरटीसीच्या बाराव्या रकान्यात मात्र ती नोंद नको.

धागाकर्ता

आम्हाला दोन बहिणी आहेत. वारसा लावताना त्यांची संमती आम्ही तोंडी घेतली होती आणि हक्कसोडपत्र झालेले नाही, हे मी मूळ मुद्द्यात लिहायला हवे होते. वाटणी इतकी वर्षे का रखडली याचे खरे उत्तर तेच आहे, कारण अकरा-ईसाठी अर्ज करायचा म्हणजे आधी त्यांच्या दारी जावे लागणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. 'जंटी' खात्यातला हिस्सा मोजावा हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला माझ्या मूळ मतापेक्षा अधिक योग्य वाटते. वाटेकऱ्यांच्या बाबतीत मात्र मी वहिवाटीचा निकष सोडत नाही, कारण त्यांच्याकडे मोजण्यासारखा हिस्साच नाही. नवा अर्ज तूर्त थांबवला आहे. थोरली बहीण उचगावला असते. पुढच्या रविवारी उतारा घेऊन आम्ही तिच्याकडे जाणार आहोत.