आरडी ३५०: घरी इंजिन बांधताना पोर्टला कानस लावावी का?

शून्य_गळती
राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०चीच एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बांधलेली आवृत्ती. जुनी इंजिने आता लोक घरीच उघडतात, आणि सिलिंडर हातात आला की पोर्टिंगचा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायूची तोंडे (पोर्ट) कापून मोठी करण्याचा, मोह होतो. माझे मत: रस्त्यावर चालवायच्या गाडीचे पोर्ट कापू नयेत. कापलेले लोखंड परत येत नाही आणि मूळ सिलिंडर आता कुठे सहज मिळत नाहीत. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मिमी. झिजल्यावर पाव-पाव मिमीने चार ओव्हरसाइज, म्हणजे ६५ मिमीपर्यंत. त्यापुढे नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी).

त्यापेक्षा गळती तपासा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ती खालची पेटी) हाच पंप असतो. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबरी बुचांनी बंद करा, ऑईल पंपाच्या नळ्या बंद करा, लहान हातपंपाने ६ पीएसआय दाब भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडला तर साबणाचे पाणी लावून गळती शोधा. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण मधले लॅबिरिंथ सील (क्रँककेसचे दोन कप्पे वेगळे करणारे) पूर्ण हवाबंद नसते. क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले असेल तर गिअर ऑईल जळते, त्या बाजूचा सायलेन्सर धूर सोडतो आणि लगेच कळते. अल्टरनेटरच्या बाजूचे गेले तर धूर नाही, काहीच दिसत नाही. हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जातो. दोन्ही सील नवी घाला, जुनी चांगली दिसली तरी.

खराद_कानस
गळतीचे सगळे मान्य. पोर्टिंगबद्दल मात्र साफ असहमत. जपानी आरडी ३५० सुमारे ३९ अश्वशक्ती देत असे. आपल्याकडची हाय टॉर्क आवृत्ती ३०.५, लो टॉर्क आवृत्ती २७. बोअर-स्ट्रोक (व्यास आणि पिस्टनचा प्रवास) तेच, ६४ बाय ५४, घनक्षमता तीच ३४७ सीसी. मायलेजसाठी तिचा श्वास आवळला होता. तो मोकळा करणे म्हणजे गाडीची मोडतोड नव्हे.

पण पद्धत हवी. आधी अंशांची चकती क्रँकला लावून प्रत्येक पोर्ट कधी उघडतो ते लिहून ठेवा, दोन्ही सिलिंडरचे वेगळे. बरेचदा दोन सिलिंडरांतच फरक सापडतो, आणि तो काढला तरी इंजिन गुळगुळीत फिरते. एक्झॉस्ट पोर्ट उंच करण्याआधी रुंद करा. रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेएकेचाळीस मिमीच्या आत ठेवा. वरची कड कमानदार हवी. सपाट ठेवली तर पिस्टनची रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. ट्रान्स्फर पोर्टच्या (क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या) तोंडाशी सिलिंडर, पॅकिंग आणि क्रँककेस यांच्या कडा जुळवा. यात कुठलेही टायमिंग बदलत नाही.

शून्य_गळती
"आधी रुंद करा" इथवर ठीक. लोक तिथे थांबत नाहीत, हीच अडचण आहे. या स्ट्रोकला एक्झॉस्टची कड १ मिमी चढवली की पोर्ट उघडा राहण्याचा कालावधी साधारण ४ अंशांनी वाढतो. अडीच मिमी चढवली तर १० अंश. मूळ सायलेन्सर तेवढ्यासाठी बनलेला नाही. दाबाची परतीची लाट चुकीच्या वेळी येते, ताजे मिश्रण बाहेर निघून जाते. खालची ओढ जाते आणि वरही काही मिळत नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसरा मागू लागते.

व्ही_ब्लॉक
सिलिंडरवरच सगळी चर्चा चालली आहे. क्रँकचे काय? तो प्रेस करून जोडलेला असतो. हातोडी आणि पाना घेऊन घरी उघडायची ही वस्तू नाही. घरी एवढेच करा: कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक आडवे हलवून पाहा. हालचाल २ मिमीहून जास्त असेल तर बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) काम आले. मग क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रन-आऊट (वाकडेपणा) मोजा. ०.०५ मिमीच्या वर असेल तर ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आणि क्रँक सरळ करायचा अनुभव दोन्ही आहे, त्याच्याकडेच द्या. क्रँक वाकडा राहिला की कंपन वाढते आणि नवी सील काही हजार किलोमीटरही टिकत नाहीत. म्हणजे वरची गळती चाचणी आज पास, पुढच्या पावसाळ्यात नापास.

क्रँककेस आडवी उघडते. परत बसवताना बेअरिंगच्या पिना खाचेत नीट बसल्या आहेत का ते प्रत्येक बेअरिंगला हात लावून पाहा. पिन बाहेर असताना बोल्ट आवळले तर केसला तडा जातो. सीलंटचा थर अगदी पातळ. जास्त लावलेला बाहेर दिसतो तेवढाच आतही गेलेला असतो.

बोअरिंगवाल्याकडे पिस्टन सोबत नेलाच पाहिजे. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळापासून सुमारे १० मिमी वर, गजनपिनला (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेला) काटकोनात मायक्रोमीटर लावा. मूळ पिस्टनला ०.०४० ते ०.०४५ मिमी क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट). बाजारातल्या इतर पिस्टनला त्याच्या उत्पादकाने दिलेला आकडा. "हाताने सरकला की झाले" हे माप नव्हे. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची धारदार कड बारीक दगडाने मोडा. नवा बोअर, नवी रिंग आणि कड न मोडलेली, हे सर्वांत जास्त वेळा घडते आणि पहिल्याच दिवशी रिंग तुटते.

खराद_कानस
कड मोडण्याबद्दल शंभर टक्के. आता हेडकडे या, कारण पोर्ट न कापताही ताकद तिथे सापडते. २ मिमीची सोल्डरची तार गजनपिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवा, हेड आवळा, क्रँक हळू फिरवा आणि चपटी झालेली तार मोजा. पिस्टन आणि हेड यांच्या कडेची ही फट दीड मिमीच्या पुढे निघाली तर हेड घासून १.० ते १.१ वर आणा. ज्वलन सुधारते, ठोका (नॉकिंग) कमी होतो. मात्र फट कमी करण्यासाठी सिलिंडरखालचे पॅकिंग बारीक करू नका. त्याने सिलिंडर खाली बसतो आणि सगळ्या पोर्टांचे टायमिंग हलते.

निळा_धूर
पेट्रोलचा मुद्दा कुणी काढला नाही. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला साध्या पेट्रोलपेक्षा ७-८ टक्के जास्त इंधन लागते. जुन्या मेन जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मुख्य छिद्रावर) नवे इंजिन चालवले तर ते पहिल्या दिवसापासून पातळ चालते. तेवढ्या प्रमाणात जेट वाढवा, मग स्पार्क प्लगचा रंग वाचा. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

रीडच्या (इनटेकच्या एकतर्फी झडपेच्या) पट्ट्या पोलादी असतील तर बदलून फायबरच्या घाला. पोलादी तुकडा तुटून आत गेला की पिस्टन, सिलिंडर आणि बिग एंड, तिन्ही जातात.

खराद_कानस
ई-२०चा ऑक्टेन (ठोक्याला विरोध करण्याची क्षमता) ९५ आहे हेही लक्षात घ्या. म्हणजे हेड घासण्याला ते पोषकच.

शून्य_गळती
हेडची फट आणि ट्रान्स्फरच्या कडा जुळवणे, या दोन गोष्टी मान्य. एक्झॉस्टची उंची वाढवायला माझा नकार कायम. जपानी आकडा गाठायचाच असेल तर सायलेन्सर, जेट आणि पोर्ट एकत्र ठरवावे लागतात, आणि चकतीवर मोजल्याशिवाय एक मिमीही नाही.

सुरू करण्याआधी: पॉइंटचे (ठिणगीचे) टायमिंग प्रत्येक सिलिंडरला डायल गेज लावून वेगळे करा, टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या) २.० मिमी आधी. ऑईल पंपातली हवा काढा. पहिल्या टाकीत पंप चालू असला तरी लिटरला २० मिली तेल मिसळा. तीन वेळा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या. मग ५०० किमी ४००० आरपीएमच्या खाली, पण वरच्या गिअरमध्ये रेटायचे नाही.

आणि तरीही पिस्टन धरलाच (सिलिंडरमध्ये जाम झालाच) तर लगेच नवा घालू नका, खुणा वाचा. चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर क्लिअरन्स कमी किंवा थंड इंजिन ओढले. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ किंवा तेल कमी. माथ्याला भोक असेल तर टायमिंग पुढे गेले आहे किंवा हवा गळते आहे, आणि मग पुन्हा हातपंप आणि ६ पीएसआय.