रिमोट हातातच धरून बसावं लागतं
ओटीटीवरचे सिनेमे-मालिका बघताना संवाद ऐकू येत नाहीत, सारखा आवाज कमी-जास्त करावा लागतो म्हटलं की "कान तपासून घ्या" म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडे १४ वर्षांच्या पोरीलापण डायलॉग कळत नाहीत, तेव्हा दोष नुसता वयाचा नाही. ओटीटीवरचं आवाजाचं बरंचसं मिक्सिंग ५.१ मधे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेलं असतं, त्यात संवाद मुख्यतः मधल्या सेंटर स्पीकरला, आणि आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच, तेही बहुतेक पॅनलच्या खाली जमिनीकडे तोंड करून, मग सगळे चॅनल दोनात कोंबले की कुजबूज पार ढोलताशाखाली गाडली जाते. अ‍ॅपमधे ५.१ ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरसाठीचा) ऑडिओ निवडून बघा, टीव्हीत नाइट मोड किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर तेही लावा. आम्हाला बराच फरक पडला. आई मात्र अजून विचारतेच, "काय म्हणाला गं तो?", आणि तिला सांगेपर्यंत पुढचे दोन डायलॉग गेलेले असतात.