पहिला गेमिंग पीसी स्वतः जोडावा की दुकानदाराकडून जोडून घ्यावा?

अर्धवट कारागीर (चर्चाप्रस्ताव):
गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच गेमिंग पीसी स्वतः जोडायला घेतला आणि मदरबोर्ड गमावून बसलो. मदरबोर्डवरच्या १,७०० पिनांच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) टेकवताना प्रोसेसर चिमटीतून निसटला आणि त्याचा कोपरा थेट पिनांवर आपटला. मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहिले, तेव्हा एकसारख्या चमकणाऱ्या ठिपक्यांच्या ओळीतले चार ठिपके दिसेनासे झाले होते. वॉरंटीच्या अर्जावर 'फिजिकल डॅमेज' एवढाच शेरा मिळाला. म्हणून माझे मत असे आहे, की नवख्याने सुटे भाग खुशाल स्वतः निवडावेत, पण जोडणी दुकानदाराकडूनच करून घ्यावी. पिन वाकलीच तर ती त्याच्या काउंटरवर, त्याच्या हातून वाकते आणि भुर्दंडही त्यालाच पडतो.

थर्मल पेस्ट:
असहमत. दुकानातून जोडून आणलेल्या माझ्या पीसीत कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिली होती. गेम सुरू होताच प्रोसेसर १०० अंशांपर्यंत तापे आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करी. बंद मात्र पडत नसे, त्यामुळे दोन महिने मी बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिलो. स्वतः जोडणारा माणूस निदान प्रत्येक भाग हातात घेऊन उलटसुलट पाहतो.

जुनी केबल:
आपण दोघेही प्रोसेसरपाशी अडला आहात. मी चौथ्यांदा पीसी जोडत होतो, म्हणजे नवखा नव्हतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा, पॉवर सप्लाय बदलताना, कॅबिनेटच्या मागे नीट बांधलेल्या केबल कोण सोडवणार, या आळसापायी हार्ड डिस्कना वीज देणाऱ्या जुन्याच साटा केबल नव्यात खोचल्या. त्या अगदी चपखल बसल्या. बटण दाबताच जळका वास आला आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या, घरच्या फोटोंसकट. पॉवर सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात.

सोळा पिनी:
पण चपखल बसणारी चुकीची केबल बनते तरी कशी, हा प्रश्न कोणी विचारायचा? ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डांचे वीज जोडणारे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. ४५० वॅटचे कार्ड, ६०० वॅटपर्यंतचा इवलासा कनेक्टर. आणि तो पूर्ण आत न बसवल्याने असे होते, असे स्पष्टीकरण एनव्हिडियाने दिले. पुढच्या सुधारित कनेक्टरमध्ये मात्र सेन्स पिना (किती वीज ओढता येईल हे कार्डाला कळवणाऱ्या) आखूड करण्यात आल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या जोडातून कार्डाला वीज ओढता येऊ नये. सगळा दोष जोडणाऱ्याचाच होता, तर पिना आखूड कशाला केल्या?

अर्धवट कारागीर:
केबलचा मुद्दा मान्य. तो अनुभवी माणसालाही गाठतो. मात्र 'थर्मल पेस्ट' यांची फिल्म सोलून काढल्यावर काम भागले, माझा बोर्ड दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागतो आहे. या शनिवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाईन तेव्हा प्रोसेसर काउंटरवरच बसवून घेईन आणि बाकीची जोडणी घरी करीन.

थर्मल पेस्ट:
कूलरही तिथेच बसवणार असाल, तर आधी त्याचा तळ दाखवायला सांगा.