पातळ शीटच्या कडा उचलल्या जातात त्याबद्दल

यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटरवर (सपाट टेबलावर शीट ठेवून अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या शाईने छापणारं मशीन) व्हॅक्यूम, म्हणजे शीट टेबलाला धरून ठेवणारी हवेची ओढ, पूर्ण ठेवूनही ०.५ मिमी पीव्हीसी शीटच्या कडा उचलल्या जातात, असा हा प्रश्न आहे. बहुतेक वेळा पंप कमजोर नसतो, टेबलाच्या शीटबाहेरच्या उघड्या भोकांतून हवा वाया जात असते. तो भाग जुन्या शीटच्या तुकड्यांनी झाका आणि कडेला चारही बाजूंनी पातळ टेप मारा. टेपचा जाडपणा धरूनच हेडची (शाई सोडणाऱ्या भागाची) उंची लावा, नाहीतर हेड घासलंच म्हणून समजा, आणि तो खर्च परवडणारा नसतो.

दुसरं कारण उष्णता. शाई सुकवणाऱ्या मर्क्युरी दिव्याखाली पातळ प्लॅस्टिक तापून फुगतं. एलईडी दिव्याचा ताप त्या मानाने बराच कमी. शिवाय यूव्ही शाई सुकताना आकसते, त्यामुळे गडद भरीव रंगाचं डिझाइन असलं की शीट वर वळते. शाईची मर्यादा (जास्तीत जास्त किती शाई सोडायची ते सेटिंग) थोडी उतरवून बघा, बराच फरक पडतो.

संरक्षक फिल्म ओढून काढली की स्थिर वीज साठते आणि शाईचे बारीक तुषार कडेला धुक्यासारखे पसरतात. फिल्म हळू काढा, आयोनायझर (स्थिर वीज घालवणारं उपकरण) असेल तर चालू ठेवा.

शीट पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर मात्र आधी प्रायमर (शाई धरून ठेवणारा थर) किंवा कोरोना ट्रीटमेंट (विजेने पृष्ठभाग शाई धरेल असा करणं) हवीच. त्याशिवाय शाई नखाने निघते.